ती बाटली आधी खाली ठेव

अगं, फोटो मिळाले. चष्मा लावून, मोठे करून पाहिले. दोन पानांवर आलेली रोपं, पानांची पार चाळण झालेली, आणि खाली तुझा मजकूर : ‘ताई, स्क्वॉश बग झालाय, व्हिडिओत दाखवतात तस्साच. नर्सरीवाल्यानं औषध दिलंय, संध्याकाळी मारू का?’

मारू नकोस. ती बाटली आधी खाली ठेव, म्हणजे कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव, आणि मग माझं ऐक.

तुझ्या वेलावर स्क्वॉश बग नाही. तो अमेरिकेतला. तिथल्या बायका झुकिनीच्या पानाखाली त्याची तांबूस अंडी शोधत बसतात. वेलाच्या दांड्यात शिरलेली अळी ब्लेडनं चीर देऊन काढताना दाखवतात ना, तीही तिकडचीच. दिल्लीत त्या दोघांपैकी कुणी नाही. आपल्याकडे भोपळ्यावर एक तांबडा-काळा वासाचा ढेकण्या असतो खरा, पण त्याचा फारसा जाच नाही; दिसला तर चिमट्यानं उचलायचा. तुझे खरे पाहुणे वेगळे, त्यांच्या यायच्या वेळा वेगळ्या, आणि आल्यावर बसायच्या जागाही वेगळ्या. तिकडचा सल्ला ऐकून तू वेलाखाली रात्री लाकडाची फळी ठेवशील, सकाळी उलटून ढेकण्या शोधशील, आणि तोवर इथला चोर जेवून गेलेला असेल.

तो चोर तुझ्या तिसऱ्या फोटोत आहे. डाव्या कोपऱ्यात बघ, पानाच्या कडेला नारिंगी-लाल, चकचकीत, तांदळाच्या दाण्याएवढा. हा लाल भुंगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीत ज्यानं कुणी भोपळा, दुधी, काकडी, चप्पन कद्दू लावला, त्याच्याकडे हा येणारच. आमंत्रण लागत नाही. थंडीभर तो मेलेला नसतो. वाळक्या पाचोळ्यात, तणाच्या बुडाशी, मातीच्या भेगांत अंग चोरून बसलेला असतो. ऊन तापू लागलं की बाहेर, आणि नेमके तेच दिवस आपली बी उगवून यायचे. बीमधून निघालेली ती पहिली दोन जाडसर पानं त्याला भारी आवडतात. रोपाचा सगळा शिधा त्या दोन पानांत असतो. ती गेली की रोप गेलं.

आणि तू राहतेस कुठे, तेही बघ. समोर रिजची टेकडी. वर्षभराचा पाचोळा पडलेला, कुणी झाडत नाही, आणि झाडूही नये. तिथून तुझ्या गच्चीपर्यंत यायला भुंग्याला किती वेळ लागणार?

बरं, पत्ता सांगताना तू नुसतं ‘हिंदूराव’ म्हणतेस, तो हिंदूराव कोण हे त्या रिक्षावाल्याला माहीत नसेल, तुला तरी असू दे. हा माणूस आपला, कागलच्या घाटग्यांचा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. त्या टेकडीवरचा बंगला आधी विल्यम फ्रेझर या कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याचा. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या उन्हाळ्यात इंग्रजांची मुख्य चौकी तिथेच होती, आणि आज त्याच नावानं महापालिकेचं रुग्णालय आहे. तेव्हा त्या टेकडीवर मराठी माणूस तुझ्या बऱ्याच आधी येऊन राहून गेलाय. शेजारच्या आंटीजी ‘तुम लोग तो साऊथ के हो ना’ म्हणाल्या तर हे सांग.

तर भुंगा. त्याची दोन आयुष्यं असतात, आणि तू फक्त एकाच्या मागे लागशील म्हणून सांगते. मोठा भुंगा पानावर. त्याची अळी मात्र मातीत, पिवळट पांढरी, मुळं आणि बुंध्याचा जमिनीखालचा भाग कुरतडणारी. मादी अंडी घालते ती बुंध्याजवळच्या ओल्या मातीत. म्हणून पानं ठीक दिसत असताना दुपारी एखादं रोप अचानक मान टाकतं. पाणी घालूनही उठत नाही. उपटलं की मुळाला भोकं सापडतात. एक सवय लाव. रोज पाणी घालून बुंधा चिकचिकीत ठेवू नकोस, आणि आठवड्यातून एकदा खुरप्यानं वरची माती हलव. अंडी आणि अळ्या उन्हाला उघड्या पडल्या की मरतात, उरलेल्या अळ्या साळुंक्या वेचतात.

मोठ्या भुंग्यासाठी सकाळ गाठ. मार्चमधल्या पहाटे दिल्लीत अजून गारवा असतो, त्यात हा जीव सुस्त असतो. ऊन चढलं की तुझ्या बोटांआधी उडेल. पसरट भांड्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घे, ते पानाखाली धर आणि पान हलकेच टिचकीनं हलव. भुंग्याची खोड अशी की धोका वाटला की तो हात-पाय आखडून खाली पडतो. पडला की पाण्यात. तुझ्या त्या दहा-बारा रोपांना कितीसा वेळ लागणार? चहा उकळेपर्यंत होतं. सलग आठवडाभर कर, एक दिवस करून ‘ताई, परत आले’ म्हणून फोन करू नकोस. ते परत येणारच, रिज रिकामी झालेली नाही.

त्याहून सोपं म्हणजे जाळी. जुनी मच्छरदाणी असेल तर काप, चार काड्या रोवून रोपांवर तंबू कर आणि कडा मातीत दाब. आधी आतली माती खुरपून, आतला एकूणएक भुंगा वेचून मग झाक, नाहीतर चोराला आत घेऊन कुलूप लावल्यासारखं व्हायचं. रोपाला खरी चार-पाच पानं आली की धोका बराच सरतो. मग भुंग्यानं थोडं खाल्लं तरी वेल पुढे पळतो. फुलं आली की मात्र जाळी काढायचीच, ती आत राहिली तर मधमाशी येणार कुठून?

आणि राख. चूल नाही म्हणतेस. गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री घेऊन बसलेला प्रेसवाला असतो ना, त्याच्याकडे पिशवीभर मिळेल, तो आनंदानं देतो. चाळून, गार झालेली, दव असताना पानांवर हलकी भुरभुरायची म्हणजे चिकटते. राखेनं भुंगा मरत नाही, त्याला ते पान नकोसं होतं, एवढंच. पाऊस झाला की पुन्हा. राखेचे ढीग मात्र बुंध्याशी ओतू नकोस. इथल्या मातीत पुष्कळदा आधीच खार असतो, त्यात आणखी खार कशाला?

एक मजेची गोष्ट तुझ्याच फोटोत आहे. कारल्याची रोपं बघ, जवळपास अखंड आहेत. लाल भुंगा कारल्याकडे क्वचितच फिरकतो. म्हणून जागा कमी असेल तर भुंग्याच्या मोसमात कारलं निर्धास्त लाव. दुधी-भोपळ्याच्या मात्र एका आळ्यात तीन-चार बिया टाकायच्या. दोन त्याच्या, दोन आपल्या. वाचतील त्यातलं दणकट रोप ठेवायचं.

आता हे नीट वाच, कारण इथेच बायका हकनाक जीव घेतात. लाल भुंग्याच्या भीतीनं ठिपक्याठिपक्यांचा प्रत्येक किडा चिरडू नकोस. गोल, घुमटासारखा, गुळगुळीत चकचकीत, लाल पाठीवर सात काळे ठिपके, तो ढालकिडा. तो मावा खातो, त्याची पिल्लंही मावा खातात. काळपट, लांबोडी, अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली ती पिल्लं दिसायला भयंकर आणि कामाला सोनं. पण त्याचाच एक भाऊबंद आहे, मळकट तपकिरी, अंगावर बारीक लव असलेला, पाठीवर अठ्ठावीस ठिपके. दिल्लीकर त्याला हड्डा म्हणतात. तो पान खातो, वांग्याचं आणि आपल्या वेलांचंही, आणि शिरा शिल्लक ठेवून पानाची जाळी करतो. त्याची पिल्लं पिवळी, काटेरी, पानाखाली घोळक्यानं बसलेली. ठिपके मोजत बसू नकोस. चमक बघ. ठिपकेवाल्यांत चकचकीत आपला, मळकट परका.

मावा तर ओळखशीलच. कोवळ्या शेंड्यावर, पानाखाली हिरवट-काळपट बारीक दाटी, आणि खाली चिकट पानं. मुंग्यांची रांग वेलावर चढताना दिसली की समजायचं वर मावा आहे. त्यांना त्याचा गोड रस हवा असतो. पाण्याच्या नळीची जोरदार धार पानाखालून मार, दोन-तीन दिवस. पुष्कळदा एवढंच पुरतं.

पांढरी माशी त्याहून वाईट. वेल हलवला की पिठाचा धुरळा उडावा तशा उडतात. त्या रस किती शोषतात याची मला चिंता नाही, त्या रोग आणतात याची आहे. पानं बारीक, आकसलेली, पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची, शेंडा गोळा झालेला, असा वेल दिसला की तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू समज. त्या विषाणूच्या नावात आपली नवी दिल्लीच आहे : टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस. आधी इथल्या टोमॅटोवर सापडला म्हणून ते नाव, पण दुधी, दोडका, घोसाळं, भोपळा कुणालाच तो सोडत नाही. २०१२ मध्ये तो स्पेनच्या झुकिनीच्या शेतांत निघाला आणि तिथल्या भाजीवाल्यांची झोप उडाली. आपल्या शहराचं नाव असं जगभर जावं ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. या रोगाला औषध नाही. कुणीही, कितीही महाग बाटली दाखवली तरी नाही. असा वेल उपटायचा, पिशवीत घालून बांधायचा आणि टाकून द्यायचा. तुला जड जाईल, मला माहीत आहे. लावलेलं उपटायला हात धजत नाही. पण एक ठेवलास तर माश्या तिथून उरलेल्यांवर नेतील. पिवळ्या रंगाकडे त्या ओढल्या जातात, म्हणून पिवळा डबा किंवा पुठ्ठा घे, एरंडेलाचा हात फिरव आणि वेलाच्या शेंड्याजवळ टांग. किती चिकटल्या ते रोज बघितलं की केव्हा हालचाल करायची ते कळतं.

पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. रेघेच्या टोकाशी अळी असते, पान तोडून टाक, विषय संपला.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला आणि लू सुटली की पानं फिकट, धुळकट, तांबूस ठिपक्यांची होतील. पानाखाली बोट फिरव, बारीक जाळं लागेल. तो लाल कोळी. किडा नव्हे, आठ पायांचा, म्हणून बहुतेक कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा असर होत नाही. उलट ढालकिड्यांसारखे त्याचे वैरी मरतात आणि त्याचं राज्य येतं. पहाटे पानाखाली पाण्याची धार, बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन, दुपारी जुन्या ओढणीची सावली. गंधकाची भुकटी मारा म्हणून कुणी सांगेल. कडक उन्हात काकडी-भोपळ्याची पानं त्यानं करपतात, त्या फंदात पडू नकोस.

हे सगळे एकीकडे आणि फळमाशी एकीकडे. भुंगा समोरून येतो. ही येते, काम करून जाते, आणि तुला कळतं आठ दिवसांनी. दुधी वाकडा व्हायला लागतो, एका बाजूनं वाढतच नाही. कारलं अर्ध्यातच पिवळं पडतं. दोडक्यावर तपकिरी डिंकासारखा थेंब सुकलेला दिसतो. चिरलं की आत वळवळ.

माशी जवळपास घरातल्या माशीएवढी, तांबूस, अंगावर पिवळे पट्टे, पंखांना तपकिरी कड. पहिल्यांदा पाहिलीस तर छोटी गांधीलमाशी वाटेल. मादीच्या शेपटीशी सुईसारखा अवयव असतो. तो ती कोवळ्या फळाच्या सालीत खुपसते आणि खाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या, आणि त्या आत गर खात राहतात. भरपूर वाढल्या की फळातून बाहेर पडतात, कधीकधी अंगाचं वेटोळं करून चक्क उडी मारतात, आणि मातीत दोन-चार बोटं खोल जाऊन कोष करतात. उकाड्यात महिन्याच्या आत पुढची पिढी तयार. उन्हाळ्यात बरी असते, पण जुलैचा पाऊस पडला, हवा दमट झाली की दिल्लीत हिची लाट येते. दुधी, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी, सगळं तिला चालतं.

पण आधी एक गैरसमज काढू. छोटं फळ पिवळं पडून गळलं की लगेच माशीवर आळ घेऊ नकोस. फळ उचल आणि बघ. टोच नाही, डिंक नाही, चिरल्यावर अळी नाही, नुसतं टोकाकडून पिवळं पडून आकसलंय, तर परागीकरण झालेलं नाही. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर यायच्या आत मिटतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर जागं असतं. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कमी येत असतील तर तूच कर. नर फूल तोड (ज्याच्या खाली चिमुकलं फळ नाही ते), पाकळ्या मागे दुमड आणि मधला पराग मादी फुलाच्या मधोमध टेकव. भोपळ्याचं सकाळी, दुधीचं दिवेलागणीला. उरलेल्या नर फुलांची भजी कर. हरभऱ्याच्या पिठातली तुझ्याकडेही चालतील.

आता फळमाशीवर उपाय. सगळ्यात बिनखर्ची आणि सगळ्यात खात्रीचा : फळ झाकणं. फूल सुकलं, खालचं फळ अंगठ्याएवढं झालं की त्याच दिवशी वर्तमानपत्राची दुहेरी पिशवी किंवा जुन्या धोतराच्या मलमलीची बाही चढव, वर सुतळीनं सैल बांध आणि खालचं टोक थोडं उघडं ठेव म्हणजे पाणी साचणार नाही. पावसाळ्यात कागद टिकत नाही, कापडच घे. प्लॅस्टिकमध्ये फळ शिजतं.

दुसरा उपाय ऐकून तू नाक मुरडशील. किडकं फळ दिसताक्षणी तोड. वेलावर ‘बघू, वाढतंय का’ म्हणून ठेवायचं नाही, खाली पडलेलं तसंच सोडायचं नाही, आणि कंपोस्टच्या डब्यात तर मुळीच टाकायचं नाही. तो त्यांचा पाळणा होईल. काळ्या पिशवीत घाल, गच्च बांध आणि गच्चीवर उन्हात ठेव. चार-पाच दिवस दिल्लीचं ऊन लागलं की आत काही जगत नाही. मग कचऱ्यात. वेलाखालची मातीही खुरपत राहा, कोष तिथेच आहेत.

तिसरा सापळा. तू मागवणार असशील तर नीट नाव सांगून माग, कारण इथे पैसे वाया जातात. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू ल्युअर लागतो. आंब्याच्या बागेत जो सापळा लावतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ वगैरे, त्यात मिथाइल युजेनॉल असतं. ते आंब्याच्या माशीला ओढतं, तुझ्या माशीला नाही. आत्यानं कोकणातून प्रेमानं पाठवला तरी आतली गोळी बदलल्याशिवाय उपयोग नाही. आणि हेही ध्यानात ठेव, या गंधाला नर येतात. अंडी घालणारी मादी येत नाही. म्हणून सापळा लावून फळं उघडी ठेवलीस तर डबा भरलेला दिसेल आणि दुधी किडलेलाच निघेल. माद्यांसाठी खाद्य लागतं. बांगलादेशात शेतकरी पिकल्या भोपळ्याचा कुस्करा सापळ्यात ठेवतात. घरात पिकलेलं केळं आणि गूळ कालवून, अर्ध्यावर भोकं पाडलेल्या बाटलीत टांगून बघ. थोड्याफार पडतात. जादू नाही.

गच्चीच्या कडेला मक्याची दोन-चार ताटंही लाव. दिवसाच्या उकाड्यात आणि रात्री या माश्या वेलावर बसत नाहीत, जवळच्या उंच झाडाच्या पानाखाली विसावतात, मका त्यांना विशेष पसंत. खाद्याची बाटली तिथे टांग, वेलावर नको.

या माशीचा पुरता बीमोडही कुठेकुठे झालाय, बरं का. जपानच्या ओकिनावा बेटांवर ती शिरली होती आणि तिथल्या भाज्या मुख्य जपानात पाठवायला बंदी. त्यांनी काय केलं, तर कारखान्यात माश्या वाढवल्या, किरणोत्सारानं त्यांना वांझ केलं आणि हेलिकॉप्टरमधून सोडल्या. अब्जावधी. कुमे बेट १९७८ मध्ये मोकळं झालं, सगळा ओकिनावा १९९३ मध्ये. वीस वर्षांच्या वर लागली, आणि ती बेटं होती, चहूकडे समुद्र.

तुझ्या चहूकडे मल्कागंज आहे. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आंटीजींचा छज्ज्यावरचा घियाचा, म्हणजे दुधीचा, वेल, त्याखाली सडणारी दोन फळं, आणि पलीकडच्या गल्लीत भाजीवाल्यानं टाकलेली किडकी तोरी. तू एकटीनं कितीही पिशव्या बांधल्यास तरी माशी खालून वर येत राहील. म्हणून सांगते, आंटीजींशी बोल. मनातली अडचण मला कळते. नवीन शहर, तुझं हिंदी पुण्याचं, त्यांचं पंजाबीत बुडवलेलं, आणि त्या जरा फटकळ. मी तिथे राहत होते तेव्हा मलाही आधी जड गेलं. पण बागेतल्या गोष्टीवरून बोलणं सुरू करायला हिंमत लागत नाही. दोन कोवळे दोडके घेऊन जा आणि विचार, ‘आंटीजी, आपकी घिया में भी कीड़ा लग रहा है क्या?’ त्या पुढे अर्धा तास बोलतील. बोलू दे. जाताना त्यांच्या वेलाखालची सडकी फळं तूच उचल आणि दाखव आत काय आहे. दिवसभर घरात एकटी असतेस, जावईबापू रात्री आठला येतात, तुझा आवाज फोनवर हल्ली जरा बसलेला वाटतो. कीड निघो न निघो, जिना उतरून खाली जा.

आता त्या बाटलीविषयी. तिच्यावर लेबल आहे का? तुझ्या फोटोत दिसत नाही. खुली, हातानं भरून दिलेली औषधं घ्यायचीच नाहीत. आपल्याकडे कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. त्रिकोणच दिसत नसेल तर आत काय आहे ते देव जाणे. जुन्या पुस्तिकांत लाल भुंग्यावर कार्बारिलची भुकटी लिहिलेली सापडेल, माळीही तेच सांगतील. कार्बारिलवर २०१८ पासून बंदी आहे. घरोघरी वापरलं जायचं ते डायक्लोरव्हॉसही २०२० च्या अखेरीपासून बंद. दुकानाच्या मागच्या फळीवर जुना साठा निघतो, म्हणून सांगितलं.

पण माझं खरं म्हणणं बंदीपुढचं आहे. परवानगी असलेल्या औषधाच्या वेष्टनावरही लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडणी करू नये. दुधी, दोडका, चप्पन कद्दू आपण एक दिवसाआड तोडतो. आज फवारलंस तर परवाचं कोवळं फळ कुणाच्या ताटात जाणार? थांबलीस तर ते जून होणार, टाकावंच लागणार. मग फवारून मिळवलं काय? शेतकऱ्याचं गणित वेगळं, त्याला पीक वाचवायचंय, त्याला मी नावं ठेवत नाही. तुझ्या चार कुंड्यांना हे गणित कधीच बसत नाही.

फवारायचंच तर कडुनिंब. दिल्लीच्या रस्त्यांना त्याची उणीव नाही, जून-जुलैत निंबोळ्यांचा खच पडतो. वेच, गर धुऊन सावलीत वाळव, आणि लागेल तेव्हा आतला गाभा कुटून ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव. सकाळी फडक्यानं गाळ, चिमूटभर साबणचुरा घाल. आत्ता निंबोळ्या नाहीत, तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, लिटरभर पाणी आणि साबणाचे थेंब. आधी साबण-तेल एकजीव, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांब. ऊन कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं, फुलं वगळून. यानं भुंगे पटापट मरून पडतील अशी आशा नको. त्यांना पान बेचव लागतं, पिल्लांची वाढ खुंटते. आठवड्यानं पुन्हा, पावसानंतर पुन्हा.

रिजवरच्या माकडांवर मात्र माझ्याकडे काही उपाय नाही. ती कागदी पिशवीसकट दुधी घेऊन जातात.

बी पुढच्या वेळी नर्सरीतून घेऊ नकोस, पुसाला जा. तिथल्या कृषी संशोधन संस्थेच्या विक्री केंद्रात दुधीचं ‘पुसा नवीन’, घोसाळ्याचं ‘पुसा चिकनी’, भोपळ्याचं ‘पुसा विश्वास’ मिळतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे कृषी मेळा भरतो. जावईबापूंना रविवारचं कुठे न्यायचं सुचत नसेल तर हे सुचव. तिथे बसलेल्या शास्त्रज्ञांना किडकं पान दाखवूनही विचारू शकतेस, ते रागावत नाहीत. पावसाळी पेरणी जूनच्या शेवटी किंवा जुलैत कर, तोवर जुनी मुळं उपटून माती दोन आठवडे उन्हात तापू दे.

आणि एक. पहिला दुधी उतरवलास की चिरताना टोकाची पातळ चकती जिभेला लाव. कडू लागला तर सगळा फेकून दे. हळहळ नको, ‘मीठ लावून जाईल’ नको, रस तर अजिबात नको. कडवट दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत आणि आयसीएमआरनं समिती नेमून हेच सांगितलंय. या कडूपणाला कीड कारण नाही, तो वेलाच्या अंगातच असतो, कधी उसळेल ते बाहेरून दिसत नाही. गोड लागला तर हलवा कर. दुधी किसून पिळलेलं पाणी फेकू नकोस, कणकेत घाल. उद्या सकाळी सहाला ऊठ, भांडं घेऊन कुंड्यांपाशी जा, आणि किती भुंगे पडले ते कळव.